१६ व्हॉइस कोण खातंय?

काळी_चार: जुना कीबोर्ड सिंथ हाती आलाय. १६ व्हॉइस (एका वेळी जास्तीत जास्त १६ सूर), ८ पार्ट (एका वेळी ८ वाद्यं). मिडीने (आवाज नव्हे, सुरांचे हुकूम नेणारी जोडणी) कॉम्प्युटरला जोडलाय. चॅनल १ वर पियानो, २ बास, ३ स्ट्रिंग्ज, ४ बासरी, १० ड्रम. नुसते ट्रॅक लावले तर सगळं छान वाजतं. त्यावर मी हाताने पियानो वाजवायला लागले की स्ट्रिंग्ज गपकन तुटतात. शिवाय पियानो पोकळ लागतो, नळीतून आल्यासारखा. बोटांवर हिशेब केला: स्ट्रिंग्ज ४, बास १, बासरी १, ड्रम ३, माझे हात ६. झाले १५. मग कोण खातंय? सिंथ बिघडलाय का?

लोकल_ऑफ: बिघडला नाही. पियानो पोकळ लागतो म्हणालात ना, तिथेच मेख आहे. तुमचा प्रत्येक सूर दोनदा वाजतोय. एकदा सिंथच्या आतल्या आत, आणि एकदा कॉम्प्युटरकडे जाऊन परत येऊन, काही मिलिसेकंद उशिरा. म्हणजे सहाचे १२ झाले. मिडी मेनूत लोकल कंट्रोल, म्हणजे पट्ट्यांचा सिंथच्या आतल्या आवाजाशी थेट दुवा, ऑफ करा (मिडीच्या भाषेत कंट्रोलर १२२, व्हॅल्यू ०). मग कॉम्प्युटर बंद असला की कीबोर्ड मुका होईल, दचकू नका. मी त्या मुकेपणापायी अख्खी दुपार केबली बदलत बसलो होतो.

काळी_चार: नळी गेली! पण भरगच्च कॉर्डला स्ट्रिंग्ज अजून तुटतातच. पेडल दाबलं की जास्तच.

जुनी_केबल: स्ट्रिंग्जच्या पॅचला (तयार आवाजाला) ऑसिलेटर (आवाज काढणारे भाग) किती आहेत ते बघा. १९८८ च्या कॉर्ग एम१ सिंथचे १६ व्हॉइस दोन ऑसिलेटरच्या पॅचला ८ च उरतात. तुमचंही तसंच असेल तर ४ सुरांना ८ गेले, बेरीज १९. व्हॉइस कमी पडले की बरेच सिंथ सगळ्यात जुना सूर उडवतात, आणि तुमच्या गाण्यात जुना म्हणजे लांब धरलेली स्ट्रिंग्जच. पेडलने तर सोडलेले सूरही व्हॉइस अडवून बसतात. मेनूत व्हॉइस रिझर्व्ह असेल तर स्ट्रिंग्जसाठी राखून ठेवा. नसेल तर तो ट्रॅक ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून मिडी म्यूट करा. मी हेच करतो. शुद्धतावाद्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

काळी_चार: दोन ऑसिलेटरचाच निघाला. एकाचा पॅच लावला. जरा बारीक वाटतो, पण पियानोमागे खपून जातोय. पेडलवरचा पाय मात्र आवरावा लागणार.