बाबांचं वजन चांगलं आहे पण सर्जन म्हणतात स्नायू कमी झालेत, ऑपरेशनच्या आधी काही करता येईल का?

मिरजेची_लेक:
बाबा ७१ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला, एओर्टाला, फुगा आलाय, सीटीत ५.८ सेंमी. स्टेंट नीट बसणार नाही म्हणून पोट उघडूनच करायचंय, पाच आठवड्यांनी तारीख आहे. पण सर्जननी त्याच सीटीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंचे दोन राखाडी गोल दाखवले, म्हणाले हा सोअस स्नायू, हा फार बारीक झालाय, सावरायला वेळ लागेल. अहो बाबांचं वजन ६४ किलो, पोट सुटलेलं, मग स्नायू कमी कसे? आणि एवढ्यात काही भरून निघतं का? आईने ऐकल्यापासून नीट जेवणसुद्धा सोडलंय.

फिजिओ_दादा:
ताई, वजनकाट्यावर जाऊ नका, त्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही आणि आपल्या लोकांत तर हे फारच दिसतं. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बाबांचं तसंच असणार.

सोअस एवढ्यासाठी बघतात की सीटी तर फुग्यासाठी झालेलाच असतो, वेगळी तपासणी लागत नाही. मिशिगनच्या सर्जन लोकांनी २०११ मध्ये अशाच उघड्या ऑपरेशनच्या पेशंटमध्ये मोजलं तेव्हा ज्यांचा सोअस बारीक त्यांच्यात नंतर मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. कारण मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरायला लागणारं प्रोटीन शरीर स्नायू मोडून काढतं, आणि जोरात खोकून कफ काढायला, पलंगावरून उठायलाही ताकद स्नायूचीच लागते. पण त्या एका मापावरून बाबांचं काय होणार ते कुणी सांगू शकत नाही, कट-ऑफ प्रत्येक अभ्यासात वेगळा आहे आणि बरेचसे परदेशी शरीरांवरचे आहेत. घरी एवढं बघा, छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात. आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त म्हणजे शारीरिक क्षमता कमी. आधी सर्जनना विचारा मात्र, आणि बाबांना श्वास रोखू देऊ नका.

कोल्हापूरकर७४:
आमच्या अण्णांचं हेच ऑपरेशन झालं. आम्हाला आधी कुणी स्नायूबद्दल चकार शब्द काढला नाही याचा मला अजून राग येतो. टाके छान भरले, पण आयसीयूतून आल्यावर पाय खाली सोडून बसवलं तर लुंगीच्या खाली मांड्या थरथरत होत्या आणि माणूस उभाच राहीना. कमोडवरून उठायला दोन माणसं लागायची. घरी आल्यावर तीन महिने गेले. तुम्हाला पाच आठवडे आधी कळलंय, ते वाया घालवू नका. सिगरेट-बिडी असेल तर आजच बंद, आणि ते तीन बॉलचं श्वासाचं यंत्र आत्ताच आणून सराव करा, ऑपरेशननंतर दुखत असताना शिकणं जमत नाही.

आहार_बोलू:
किडनीचे रिपोर्ट ठीक असतील तर साधारण किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे बाबांना ८० च्या आसपास. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम, पेलाभर दूधही जवळपास तेवढंच, त्यामुळे नुसत्या वरणभातावर भागत नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी मटकीची उसळ आणि वाटीभर दही, संध्याकाळी पनीर किंवा मासे, असं तिन्ही वेळा वाटून द्या, एकदम रात्री नको. किडनीच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिन जास्त असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

फिजिओ_दादा:
आणि एक, स्नायू वाढू दे म्हणून तारीख पुढे ढकलायचा विचार मनात आणू नका, पुरुषांत ५.५ सेंमीच्या पुढे गेलेला फुगा फुटायचा धोका वाढतो. वजन उचलणं, जोर काढणं बंद. अचानक पोटात किंवा पाठीत जोरात दुखलं, चक्कर आली तर थेट हॉस्पिटल गाठा.

मिरजेची_लेक:
सर्जनना फोन केला, रिपोर्ट बघून चालणं आणि उठ-बस हळूहळू चालेल म्हणाले. संध्याकाळी खुर्ची लावली. बाबा तिसऱ्यांदा उठताना आपोआप गुडघ्यावर हात टेकवायला लागले, मी नको म्हटलं तर हसले, १९ सेकंद लागले. आई शेजारी बसून मोजत होती, आता रोज मीच मोजणार म्हणते आणि उद्याची मटकी भिजत घातलीय.