शब्दचर्चा: 'ड्राफ्ट बस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (मेलबर्नहून)

नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी फुटीवर लेख लिहिते आहे. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथाडलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. बाकी सगळा लेख झाला, पण 'ड्राफ्ट बस्ट' या शब्दापाशी चार दिवस अडकून बसले आहे.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८६ पासून इथे नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. सतरा-अठरा वर्षांची मुलं एकेका क्लबने पाळीपाळीने निवडायची आणि हंगामात सगळ्यात तळाशी राहिलेल्या क्लबला पहिली पाळी द्यायची, ही त्याची मूळ रीत. कुठल्या क्लबात जायचं हे मुलाच्या हातात नसतं. पहिल्या पाच-दहांत नाव आलेला मुलगा पुढे तेवढा चमकला नाही, की त्याला 'बस्ट' म्हणतात, आणि ते बिरुद जन्मभर चिकटतं.

मी आधी 'वाया गेलेला खेळाडू' असं लिहिलं होतं. रविवारी आईला फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं. ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, "अरेरे, कशाने गं? दारूने का?" तेव्हापासून तो शब्द मला टोचतो आहे. दुसरा सुचवाल का?

प्रतिसाद १

'फुसका बार' चालेल की. दिवाळी अंकाला शोभेलही. नाहीतर सरळ 'फ्लॉप' लिहा, सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद २ (पुण्याहून)

ताई, मी अनेक वर्षं वर्तमानपत्रात क्रीडा पानावर उपसंपादक होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'ड्राफ्ट'. रात्रीच्या घाईत कुणीतरी कोश उघडतो आणि 'मसुद्यात पहिला क्रमांक' छापून मोकळा होतो. तसं कृपया करू नका. 'लिलाव'ही नको. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. लहानपणी मैदानावर दोन कप्तान समोरासमोर उभे राहून एक गडी तुझा, एक गडी माझा असे भिडू पाडायचे, ते या पद्धतीच्या जास्त जवळ आहे. त्यामुळे 'ड्राफ्ट' तसाच ठेवावा आणि एकदा 'पाळीची निवड' असा खुलासा द्यावा.

आता 'बस्ट'. कोशात पाहिलंत तर अर्धपुतळा सापडेल, त्याचा इथे संबंध नाही. हा 'बस्ट' म्हणजे 'बर्स्ट'चंच बोलीतलं रूप, फुटणं. फुगा फुटतो तसं. बाजारात हाच शब्द दिवाळं निघण्याला वापरतात.

'वाया गेला'बद्दल तुमच्या आईंचा कान अचूक आहे. मराठीत धान्य वाया जातं, पाणी वाया जातं, वेळ वाया जातो, तेव्हा दोष वापरणाऱ्याचा. पण माणूस वाया गेला म्हटलं की दोष थेट त्याच्या वागण्यावर येतो. व्यसन, वाईट संगत, आळस. म्हणून तो शब्द बाद.

माझं मत 'फोल'ला. दाणा नसलेलं टरफल म्हणजे फोल, फोलपट आपण अजून म्हणतोच. पण गंमत पाहा, आपण 'अपेक्षा फोल ठरली', 'अंदाज फोल ठरला' म्हणतो. 'मुलगा फोल ठरला' असं सहसा कुणी म्हणत नाही. वाक्याचा कर्ताच बदलतो. इंग्रजीत पोकळ ठरतो तो खेळाडू, मराठीत पोकळ ठरतो तो बघणाऱ्यांचा हिशेब.

मूळ लेखिका

काका, हे फार मोलाचं आहे. 'फुसका बार' मला पटत नाही, आणि त्याचं कारण जॅक वॉट्स आहे.

२००८ साली मेलबर्न क्लब तळाला होता, म्हणून पहिली पाळी त्यांची. त्यांनी वॉट्सला घेतलं. दुसऱ्या पाळीला वेस्ट कोस्टने निक नायटानुईला उचललं आणि पुढे वर्षानुवर्षं दोघांची तुलना चालली. वॉट्सचा पहिला सामना जून २००९ मध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला, एमसीजीवर म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, कॉलिंगवूड क्लबविरुद्ध. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या सामन्यांपैकी एक. मुलगा तेव्हा बारावीत होता. अंग भरलेलं नाही, दंड बारीक. चेंडू हातात आला मात्र, आणि कॉलिंगवूडच्या कसलेल्या गड्यांनी त्याला घेरून खाली घेतलं. ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल. माझा मुलगा आता त्याच वयाकडे निघाला आहे, म्हणून असेल कदाचित, पण मला तिथे खेळाडू दिसतच नाही, शाळेतला मुलगा दिसतो.

पुढच्या काही वर्षांत त्या क्लबात प्रशिक्षकांमागून प्रशिक्षक बदलले. २०१३ साली तर अख्ख्या हंगामात फक्त दोन सामने जिंकले. नवा माणूस आला की नवी जागा, नवी पद्धत. आणि दर सोमवारी पेपरात प्रश्न तोच, पहिल्या क्रमांकाचा मुलगा कधी खेळणार?

२०१७ साली त्याच सुट्टीच्या सामन्यात, त्याच मैदानावर, त्याच कॉलिंगवूडविरुद्ध शेवटच्या मिनिटांत वॉट्सने गोल मारला आणि मेलबर्न चार गुणांनी जिंकलं. त्या दिवशी आम्ही वरच्या मजल्यावर होतो. माझ्या पुढच्या रांगेत मेलबर्नचा लाल-निळा मफलर घातलेले एक आजोबा उभे राहिले, टाळ्या नाही वाजवल्या, दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसते उभे. मफलरचं एक टोक माझ्या गुडघ्यावर आलं होतं, त्यांना पत्ताही नव्हता. त्याच वर्षाअखेरीस वॉट्सला पोर्ट ॲडलेडला देऊन टाकलं. २०१९ मध्ये पाय मोडला आणि २०२० मध्ये तो थांबला. दोन्ही क्लब मिळून १७४ सामने. याला फुसका बार कसा म्हणू?

प्रतिसाद ३ (ॲडलेडहून)

ताई, तुमच्या लेखात रिचर्ड टॅम्बलिंग येणार असेल तर एक मुद्दा मांडतो. २००४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आणि चौथा असे दोन क्रमांक रिचमंडकडे होते. चौथ्याला त्यांनी टॅम्बलिंगला घेतलं. पाचवी पाळी हॉथॉर्नची, त्यांनी घेतला लान्स फ्रँकलिन. फ्रँकलिन पुढे १०६६ गोल करून थांबला. टॅम्बलिंग आधी रिचमंडसाठी आणि मग इथे ॲडलेडसाठी मिळून शंभरावर सामने खेळला. एखाद्या सामान्य क्रमांकावर आलेल्या मुलाने एवढे सामने खेळले असते तर लोक म्हणाले असते, भला गडी, क्लबची सेवा केली. त्याचं नाव मात्र आजही 'फ्रँकलिनच्या आधी घेतलेला' म्हणूनच निघतं. त्याने काय केलं यावर काही नाही, त्याच्यानंतर कोणाचं नाव पुकारलं यावर सगळं.

म्हणून इथे 'बस्ट' हा शब्द मुळात निवडीचा आहे. मराठीत 'निवड फसली' म्हणा. कोणाची फसली? रिचमंडची. मुलाचा त्यात काय संबंध?

प्रतिसाद १

हे मान्य. 'फुसका बार' मागे घेतो. पण मग पहिल्या क्रमांकाची निवड इतकी फसते कशी? एवढ्या चाचण्या, एवढे निरीक्षक असूनही?

प्रतिसाद ३ (ॲडलेडहून)

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, या भरवशावर सगळा ड्राफ्ट उभा आहे. वीस मीटरची धाव मोजतात, उभ्या जागेवरून उडी मोजतात, उंची मोजतात. पण अठराव्या वर्षी जो मुलगा बाकीच्यांपेक्षा आधी वाढलेला असतो तो मुलांत राक्षस वाटतो आणि पंचविशीच्या पुरुषांत गेला की साधा. उलटही होतं. उंच गड्यांचं तर अंग भरायलाच चार-पाच वर्षं लागतात, तोवर लोकांचा धीर सुटतो. १९९० च्या ड्राफ्टमध्ये एसेंडनने जेम्स हर्डला ७९व्या क्रमांकावर घेतलं होतं आणि १९९६ ला त्याने ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, दुसऱ्या एकासोबत वाटून घेतलं. तेव्हा पाळण्यात काय दिसलं होतं?

प्रतिसाद ४ (जालना जिल्ह्यातून)

मला फुटीतलं काही कळत नाही, शेती करतो. पण तुमचा प्रश्न आमच्याकडे दर जूनला येतो. सोयाबीन पेरलं आणि उगवलं नाही, तर आम्ही 'बी वाया गेलं' असं लगेच म्हणत नाही. आधी ओळीत बसून बोटाने माती उकरून बघतो. बी फुगून कुजलं असेल तर पाणी जास्त झालं. कोरडंच असेल तर पाऊस हुकला. कोंब निघून मुडपला असेल तर खोल पडलं किंवा वरून माती घट्ट बसली. बाकी सगळं सरळ असताना काहीच झालं नसेल, तेव्हाच बियाण्याला बोल. शब्द एकच, 'उगवण झाली नाही'. कारण नंतर लावायचं, उकरून.

प्रतिसाद ५ (देवगडहून)

जालन्याच्या दादांना पुस्ती जोडते. आमच्याकडे मोहोर गळतो. झाड चांगलं, मोहोर भरघोस, आणि ऐन वेळी ढगाळ हवा आली, तुडतुडा पडला की सकाळी झाडाखाली काळपट सडा. तेव्हा कुणी कलमाला नावं ठेवत नाही. दुखापतीने ज्यांचं राहून गेलं त्यांच्यासाठी 'मोहोर गळाला' म्हणता येईल का?

मूळ लेखिका

ताई, तुमचा शब्द वाचल्यावर मला एकच नाव आठवलं, पॅडी मॅकार्टिन. २०१४ ला सेंट किल्डाने पहिल्या क्रमांकावर घेतलेला. टाइप वन मधुमेह सांभाळून खेळणारा मुलगा. त्याच्या डोक्याला मार बसत गेला, एकदा, पुन्हा, पुन्हा, आणि शेवटी क्लबने करार संपवला. दुसऱ्या क्रमांकावरचा क्रिश्चन पेट्राका तिकडे २०२१ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरला, त्यामुळे मॅकार्टिनला बोल लावायला लोकांना आणखी निमित्त मिळालं. मोठ्या खंडानंतर सिडनीने त्याला बचावात उभं केलं, धाकट्या भावाच्या जोडीला, आणि २०२२ चा अंतिम सामना तो खेळला. पुढच्याच वर्षी पुन्हा डोक्याला इजा झाली आणि सगळं संपलं.

त्याच्यासाठी 'मोहोर गळाला' हेच लिहिणार आहे. 'बस्ट' हा शब्द त्याच्या नावापुढे वाचला की मला राग येतो. मेंदूला इजा झालेल्या मुलाला फुटका फुगा म्हणायचं?

प्रतिसाद २ (पुण्याहून)

लेखात 'मोहोर गळाला' जरूर लिहा, पण संज्ञा म्हणून तो चालणार नाही, कारण तो फक्त दैवाला जबाबदार धरतो. वॉट्सच्या बाबतीत दैवाइतकाच क्लबही होता.

आणखी एक, 'होतकरू' हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. पण होतकरू होता आणि पुढे झाला नाही, अशाला एक शब्द नाही. मी रात्री बराच वेळ आठवून पाहिलं. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आहे, पण ती टोमणा मारते. 'कच खाल्ली' म्हणावं तर तो भित्रेपणाचा आरोप झाला.

मूळ लेखिका

काका, काल आईला पुन्हा फोन केला आणि वॉट्सची सगळी गोष्ट सांगितली. शाळेतला मुलगा, तळाचा क्लब, बदलणारे प्रशिक्षक, तो गोल, नंतर देऊन टाकणं. ती कांदा चिरत होती, सुरीचा आवाज येत होता. तो थांबला आणि ती म्हणाली, "मग असं म्हण की, त्याच्या गुणांचं चीज झालं नाही."

मला वाटतं मिळाला. चीज करणारा दुसरा असतो. गुण मुलाचे, चीज करायचं काम घेणाऱ्याचं.

प्रतिसाद ३ (ॲडलेडहून)

वा! आईंना नमस्कार सांगा. पण टॉम बॉइडचं काय कराल? २०१३ चा पहिला क्रमांक, ग्रेटर वेस्टर्न सिडनीचा. एका हंगामानंतर मेलबर्नच्या उपनगरातल्या वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबकडे, सात वर्षांचा प्रचंड रकमेचा करार. दोन वर्षं लोकांनी पैसे मोजून मोजून त्याला सुनावलं. मग २०१६ च्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल मारले आणि बुलडॉग्जनी १९५४ नंतर पहिल्यांदा अजिंक्यपद जिंकलं. २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मनाच्या आजाराबद्दल उघड बोलून तो खेळातून बाहेर पडला. काही लोक त्यालाही 'बस्ट'च्या यादीत घालतात. त्याच्या गुणांचं तर चीज झालं, बासष्ट वर्षांनी एका अख्ख्या उपनगराचं चीज झालं.

मूळ लेखिका

त्याला यादीतून काढते आहे. मूळ आराखड्यात तो होता, हे कबूल करते.

आता लेखात असं ठेवलं आहे: 'बस्ट' हा शब्द एकदाच, इंग्रजीत लोक काय म्हणतात ते सांगण्यापुरता. टॅम्बलिंगपाशी 'रिचमंडची निवड फसली'. मॅकार्टिनपाशी 'मोहोर गळाला'. वॉट्सपाशी 'गुणांचं चीज झालं नाही'. आणि जिथे पत्रकार आणि प्रेक्षकांबद्दल बोलते आहे तिथे काकांचं 'अपेक्षा फोल ठरल्या'. एक संज्ञा मिळाली नाही, पण आता मला ती नकोच आहे.

प्रतिसाद २ (पुण्याहून)

उत्तम. फक्त शीर्षकात 'चीज'ला एकेरी अवतरण द्या. परदेशातल्या अंकात मुलं ते खाण्याचं चीज म्हणून वाचतील.

प्रतिसाद ४ (जालना जिल्ह्यातून)

ताई, अंक निघाला की लेख इथे टाका. माझा पुतण्या तालुक्याच्या कबड्डी संघात निवडला गेलाय, पहिल्याच नावाला. त्याच्या वडिलांना वाचून दाखवायचा आहे.