सावत्र बाप: यात सवत कुठे आहे?

पंचवटीकर: काल 'शब्दांचे अर्थ' सांगणारी एक पोस्ट वाचली. "सावत्र म्हणजे खोटा, म्हणून सावत्र बाप हा खोटा बाप." डोकंच फिरलं! संस्कृत सपत्नी, तीच आपली सवत. सावत्र त्याच घराण्यातला, पेपरातली 'सापत्न वागणूक'सुद्धा. हिंदीतही सौत, तिच्यावरून सौतेला. बापाच्या दुसऱ्या बायकोमुळे जुळलेलं नातं ते सावत्र. कैकेयी रामाची सावत्र आई. व्यंकोजीराजे शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाईंचे, म्हणून शिवरायांचे सावत्र भाऊ. पण आईच्या दुसऱ्या नवऱ्यात सवत आली कुठून? बायकांच्या भांडणातला शब्द त्या माणसाला चिकटवला आणि वर खोटाही ठरवला.

सिडकोकर: व्युत्पत्ती राहू द्या. पूर्वी बायकांचे पाट, म्हणजे दुसरी लग्नं, लागायचे, पोरं आईबरोबर नव्या घरी जायची, तेव्हाही लोक सावत्र बापच म्हणायचे. शब्द वापराने ठरतो.

निफाडची लेक: वापर मी सोसलाय. मी सहा वर्षांची असताना आईचं दुसरं लग्न झालं. अण्णा सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे. टोचू नये म्हणून दांडीला टॉवेल गुंडाळायचे. बाईंनी भर वर्गात विचारलं, "ते सावत्र ना गं?" त्या दिवसापासून मी अण्णांना फाटकाबाहेरच थांबवायला लागले.

सिडकोकर: ताई, वाईट झालं. पण दुसरी बाजू ऐका. माझा भाऊ गेला, वहिनीने लग्न केलं, आणि पुतण्याचं मधलं नावच बदललं. आमच्या भावाचं नाव पुसलं गेलं!

पंचवटीकर: 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, वडील गेल्यावर मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आईला आहे. कागदपत्रांवर नव्या नवऱ्याचं नाव 'सावत्र वडील' म्हणून लावा, हा हायकोर्टाचा आदेश तर जवळजवळ क्रूर म्हटला.

सिडकोकर: ते आडनावाचं. मी मधल्या नावाचं बोलतोय. आणि कोर्टाला काय, माझ्या आईला रोज भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे बघावं लागतं.

निफाडची लेक: माझं मधलं नाव जन्मदात्या वडिलांचंच आहे. आई बदलणार होती, अण्णांनी बदलू दिलं नाही. माझ्या लग्नपत्रिकेत एक नाव 'कै.' लावून, दुसरं अण्णांचं. कन्यादान त्यांनीच केलं.

सिडकोकर: असा माणूस असेल तर माझं बोलणं खुंटलं. पुतण्याच्या नावाचं मात्र मी विसरणार नाही.

पंचवटीकर: विसरू नका. पण त्या पोस्टमध्ये 'खोटा' अजून तसाच आहे, तेवढा काढायला आपण तिघांनी मिळून सांगू.