किडनी प्रत्यारोपणानंतर बीके व्हायरस: डोस कमी केलाय, डॉक्टरांना काय विचारू?

सांजवात
धाकट्या भावाला आईची किडनी बसवून सात महिने झाले. सगळं सुरळीत होतं. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत बीके व्हायरस निघाला, रक्तात २१,९०० कॉपीज. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.३ होतं ते १.६ झालंय. ताप नाही, दुखत नाही, लघवी व्यवस्थित. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचा डोस निम्मा केला आणि तीन आठवड्यांनी या म्हणाले. व्हायरसवर औषध म्हणाल तर काहीच नाही! आई रोज विचारते, माझीच किडनी खराब निघाली का गं. आणि मला धास्ती की गोळ्या कमी केल्यावर शरीर किडनी नाकारेल. यातून गेलेल्यांनी सांगा, दुसरं मत घ्यावं का? एका नातेवाइकाने लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुचवलंय, दुसऱ्याने प्रतिकारशक्ती वाढवायच्या गोळ्या.

तिसरी_घंटा
ताई, माझी किडनी नऊ वर्षांची आहे. पहिल्याच वर्षी बीके झाला होता.

आधी आईंचं बघू. हा व्हायरस बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतोच. लहानपणी कधीतरी शिरतो, कळतही नाही, आणि किडनीत, मूत्रमार्गात पडून राहतो. प्रत्यारोपणाच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली की डोकं वर काढतो. तो आईंच्या किडनीतून आला असेल किंवा भावाचा स्वतःचा असेल, त्यावरून किडनी खराब ठरत नाही. किडनी मिळालेल्या दहांतल्या एकदोघांच्या रक्तात तो सापडतो. बीके हे नावसुद्धा १९७१ मध्ये ज्या रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला, त्याची आद्याक्षरं आहेत. तोही किडनी प्रत्यारोपणाचाच रुग्ण.

आता औषध. डोस कमी केला ना, तोच उपचार. बीकेसाठी मान्यता मिळालेलं औषध आजतरी नाही. शरीराला थोडी मोकळीक द्यायची आणि त्यालाच लढू द्यायचं. प्रतिकारशक्तीच्या गोळ्यांना मात्र हात लावू देऊ नका. ती शक्ती उसळून किडनीवरच उलटू शकते, शिवाय काही वनस्पतिजन्य औषधांनी टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या गोळीची, रक्तातली पातळी वरखाली होते.

माझा आगाऊपणा सांगतो. डॉक्टरांनी एकच गोळी कमी केली होती. आकडा उतरेना म्हणून मी परस्पर टॅक्रोलिमसही निम्मी केली, कुणाला न सांगता. पाचव्या आठवड्यात क्रिएटिनिन २.४. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा तुकडा काढून तपासल्यावर, रिजेक्शन: शरीर किडनी नाकारू लागलं होतं. मग स्टिरॉइडची इंजेक्शनं, आणि त्यांनी व्हायरस पुन्हा वर. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "सांगितलं असतंत तर पातळी तपासून कमी केली असती." ते जास्त लागलं.

पिंपळपान
लिव्होफ्लॉक्सासिनचं इथेच मिटवा. प्रयोगशाळेत आशा दिसली होती, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत प्रतिबंधासाठीही उपयोग झाला नाही आणि रक्तातला व्हायरस उतरवायलाही नाही. उगाच जंतू मात्र औषधाला सरावतात.

सांजवात
सगळ्यांचे आभार. एक आनंदाची बातमी! राहवलं नाही म्हणून काल घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली. ४.१ आलं! २१,९०० वरून थेट चारवर. भावाने लगेच आईला फोन केला.

निळी_शाई
थांबा थांबा. मी लॅबमध्येच काम करते. रिपोर्टवर आकड्यापुढे 'लॉग' असं बारीक अक्षरात लिहिलंय का बघा. लॉग म्हणजे दहाचा घात, एक लॉग वाढला की आकडा दहापट; ४.१ लॉग म्हणजे साधारण १२,६००. तुमचा आधीचा २१,९०० हा लॉगमध्ये ४.३४. म्हणजे ४.३४ चे ४.१, आणि एवढा फरक दोन लॅबच्या पद्धतींमुळेच पडू शकतो. वाईट वाटून घेऊ नका, ही गफलत रोज होते. यापुढे एकच लॅब, एकच एकक, आणि रक्ताचीच तपासणी. लघवीत व्हायरस कितीतरी जास्त असतो, तो आकडा बघून जीव घाबरा होतो.

क्रिएटिनिन वाढतच राहिलं तर बायोप्सी सुचवतील, टाळू नका. सूक्ष्मदर्शकाखाली बीकेची सूज आणि रिजेक्शन फसवण्याइतकी सारखी दिसतात, आणि उपचार मात्र उलटे: एकात गोळ्या कमी, दुसऱ्यात जास्त. त्यासाठी तुकड्याला एसव्ही ४० नावाचा खास रंग देऊन पाहतात. व्हायरस किडनीत ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, म्हणून एका तुकड्यात सापडला नाही तरी नसेलच असं नाही. दोन तुकडे घेतात ते त्यासाठीच.

तिसरी_घंटा
सोनोग्राफीचंही विचारा. मूत्रवाहिनी अरुंद झाली तरी क्रिएटिनिन चढतं, आणि बीकेमुळे तेही होतं.

ओसाडगाव
माझ्या बहिणीचं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं होतं. तिच्यात याच व्हायरसने किडनी नाही, मूत्राशय धरलं. लघवीतून रक्ताच्या गुठळ्या, नळीतून दिवसरात्र मूत्राशय धुवायचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही हे, पण बोन मॅरोवाले कुणी वाचत असतील तर लघवी लाल दिसली की त्याच दिवशी कळवा.

सांजवात
रिपोर्ट पुन्हा पाहिला. खरंच, आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लॉग. भावाला सांगताना जिवावर आलं. "म्हणजे अजून आहेच का," एवढंच म्हणाला.

भेटीसाठी लिहून ठेवलंय: डोस आणखी कमी करायचा तर कुठल्या गोळीचा, रक्त किती दिवसांनी, बायोप्सी कधी, आणि व्हायरस गेल्यावर डोस पुन्हा वाढवणार का. काही राहिलं का?

निळी_शाई
टॅक्रोलिमसची पातळी किती ठेवायची हेही. आणि ते रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, भाऊ गोळी घेऊनच लॅबला जात नाही ना?

सांजवात
अगं बाई. घेऊनच जातो.

सांजवात (तीन आठवड्यांनी)
पहिल्याच लॅबमधून, गोळीआधी: ३.७ लॉग, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. क्रिएटिनिन १.५. टॅक्रोलिमसचा डोस किंचित उतरवलाय, डॉक्टरांनी. बायोप्सी तूर्त नाही, दुसऱ्या मताचं मीच सोडून दिलं. वहीत लॉगचा वेगळा रकाना आखलाय, आईने स्वतःच्या हाताने.