आधी खातं गोठवा, खटला मग चालू दे

‘भ्रष्टाचाराचा परदेशात गेलेला पैसा काही परत येत नाही,’ असं बरेच जण म्हणतात. येतो हो, पण फार उशिरा. फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस, त्याची स्विस बँकांतली खाती १९८६ मध्ये गोठली, पैसा फिलिपिन्सला मिळेपर्यंत २००४ उजाडलं. खाती गोठली तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार नव्हता. तो २००३ चा, भारतानं २०११ मध्ये स्वीकारला. मालमत्ता परत करण्यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे.

इथं कोल्हापुरात आमची एक पतसंस्था बुडाली. आईची ठेवपावती अजून ट्रंकेत आहे, घडीवर फाटलेली. संचालकांची जमीन शेजारच्या तालुक्यात, तरी जप्तीचे कागद वर्षानुवर्षं फिरतायत. दोन देशांत तर कायदा, भाषा, कोर्ट सगळंच वेगळं. तोवर पैसा तिसऱ्याच देशात पोचतो. म्हणून मला गोठवण्याची घाई सगळ्यात महत्त्वाची वाटते.