तुमचं नाव कुणी ठेवलं? आणि स्वभाव जुळला का?

अबोलीचा_वळेसर: काल फोंड्याला भाचीच्या मुलाचं बारसं झालं. कानात कुर्र करून होतं न होतं तोच एकीने मोबाइल काढला आणि वाचायला लागली, 'या नावाची मुलं जिद्दी, कलाप्रिय, थोडी रागीट.' अगो, पोर बारा दिवसांचं! मला आमची आजीच आठवली. माझं शांता तिने कवळ्याच्या देवीवरून ठेवलं. शिव आणि विष्णू भांडले तेव्हा शांतादुर्गा मध्ये पडली, म्हणून ती शांता. आमच्याकडेही भांडण लागलं की मलाच हाक, अगदी जमिनीच्या वाटणीतसुद्धा. पण मी शांत? विचारा आमच्या ह्यांना. तुमचंही लिहा.

सुंगटांचं_हुमण: आमच्याकडे मंगेशांचं पीक. काका, चुलतभाऊ, आता पुतण्या. वाघ बघून पार्वती घाबरली, 'त्राहि मां गिरीश' म्हणाली, त्यातून मांगिरीश, मग मंगेश. आमचे तिन्ही मंगेश झुरळाला घाबरतात.

बिमली: 😂😂 बोरिक पावडर, साखर, कणीक. गोळ्या करून ओट्याखाली ठेव.

आर्द्रेचा_दामू: नक्षत्र आर्द्रा. अक्षरं कू, घ, ङ, छ. माझा चरण नेमका तिसरा! बाबा भटजींना म्हणाले, 'ङ वरून काय ठेवू, वाङ्मय?' शेवटी जांबावलीचा देव दामोदर धावून आला. गुलालाच्या दिवशी तिथे 'दामू' म्हणून हाक मारून बघा, अर्धी गर्दी मागे वळते.

डिचोलकर: आईचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. दाखल्यावर शारदा हे नाव एक्सने सुरू होतं, कारण ते लोक 'श'ला एक्स लिहायचे. आधारवर एस. एका कचेरीतला पोरगा म्हणाला, 'आजी, ही दुसरी बाई दिसते.' आई म्हणाली, 'दुसरी असती तर इतका वेळ उभी राहिली नसती.' सरस्वतीचं नाव आहे, जिभेवर असणारच.

माशेलची_सून: आईंना नमस्कार सांगा 🙏

माशेलची_सून: माझं लग्नात बदलायचं ठरलं होतं. सासूबाईंनी 'मुक्ता' निवडलेलं. नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहायला घेतलं आणि लिहिलं माझं माहेरचंच नाव. वेलांटी मोडली, पुन्हा तांदूळ सारखे केले, पुन्हा लिहिलं. भटजींनी मोठ्याने वाचलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, त्याच्याशी बोलल्या. हा माणूस पत्रिकेप्रमाणे 'भित्रा, आज्ञाधारक' आहे म्हणे!

अबोलीचा_वळेसर: जावयाला माझ्याकडून एक पातोळी जास्त.

सुंगटांचं_हुमण: पातोळ्या कधी? हळदीची पानं आमच्या परसात आहेत, न्यायला या.

खाजें_प्रेमी: वाचून मजा आली. एकच म्हणतो, एकाच नावाची दहा माणसं गावात दहा तऱ्हेची असतात, मग ती स्वभावाची यादी नेमकी कुणाची? आमच्या वाड्यावर दोन रवळू. एक पहाटे फुलं काढून देवळात जातो, दुसरा त्याच वेळी घरी येतो.

बिमली: दुसरा रवळू कुठून येतो ते लिहा की!

खाजें_प्रेमी: त्याची बायकोही इथे वाचते, बाय.

आर्द्रेचा_दामू: बिमली, त्या गोळ्या मांजराने खाल्ल्या तर?

बिमली: कपाटामागे सरकवा, तिथे मांजराचा पंजा जात नाही. आणि पोरांचा हातही.