लग्नाचा फोटोग्राफर सुचवा: सांगली, बजेट 60 हजार

हळदीची_वाटी: ताईचं लग्न डिसेंबरात, सांगलीजवळच्या कार्यालयात. मुहूर्त दुपारी 12.18. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी. 60 हजारांत फोटो, व्हिडिओ आणि एक अल्बम हवाय. कुणाला घ्यावं आणि त्या दिवशीचं फोटोंचं कसं बसवावं?

कोथरूडकर: 60 मध्ये काही होत नाही. आम्ही दीड लाख मोजले. कँडिड, सिनेमॅटिक, प्री-वेडिंग, सगळं. अल्बम उचलायला दोन माणसं लागतात.

मिरजवाला: प्रश्न सांगलीचा आहे हो. पुण्याहून टीम आणली की गाडी, राहणं, खाणं तुमच्याच डोक्यावर. इथलाच कुणीतरी बघा. आणि इन्स्टावर जाऊ नका, निवडक वीस फोटो कुणीही चमकवतो. एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे फोटो दाखव म्हणावं.

निवृत्त_मास्तर: आमच्या वेळी एका रोलमध्ये 36 फोटो. त्यात लग्न बसायचं. आता हजारोंनी काढतात, बघतं कोण?

चिंगी: कॅमेरावाल्यांच्या जेवणाचं आधी बघा!! दिराच्या लग्नात अक्षता पडल्या आणि ही मंडळी थेट पंगतीला. इकडे लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी सगळं उरकलं. अल्बममध्ये मुहूर्तानंतर एकदम विहिणींची पंगत! साडेअकरालाच खायला घाला त्यांना.

कोथरूडकर: आमच्या टीमला वेगळा बुफे होता.

मिरजवाला: चिंगीताईंचं बरोबर आहे. शिवाय, नवरी अकराला गौरीहराला बसणार असेल तर मेकअप दहाला संपला पाहिजे, पार्लरवालीला बजावून ठेवा. तिचे एकटीचे फोटो त्या तासातच निघतात, एकदा मामा न्यायला आला की संपलं. अंतरपाट दूर होताना एक कॅमेरा नवरीवर, एक नवऱ्यावर. गुरुजींना आधी विनंती करा, नाहीतर फोटोभर त्यांची पाठ. घरच्यांच्या ग्रुप फोटोंची यादी करून एखाद्या चुलतभावाकडे द्या. फोटोग्राफरला आत्या कोण, मावशी कोण, काय कळणार? आहेराची रांग लागायच्या आत हे आटपा.

उडता_पक्षी: ड्रोनच्या नादी लागू नका. पुण्यात आमचं कार्यालय लोहगावच्या हवाई तळामुळे रेड झोनमध्ये, परवानगीशिवाय उडवता येत नाही. स्टुडिओने पैसे आधी घेतले आणि ऐनवेळी हात वर केले.

निवृत्त_मास्तर: त्या घरघरीत मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत. ड्रोन नकोच.

तांत्रिक_बाबा: कॅमेऱ्यात फोटो एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर जातात का, विचारा. स्टेजवरचे गुलाबी-जांभळे एलईडी विधी होईपर्यंत बंद ठेवायला सांगा, शालूचा रंग ओळखू येत नाही. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच.

चिंगी: अल्बमचं तर बोलूच नका. दिराचा अल्बम बाळाच्या बारशाला आला.

मिरजवाला: जेवणाचं विसरू नका.

चिंगी: मी तेच म्हटलं होतं.

हळदीची_वाटी: सगळ्यांचे आभार. यादी आणि साडेअकराचं जेवण पक्कं. मिरजेतला स्टुडिओ ठरवला, 58 हजार. कँडिडवाला वगळला आणि ड्रोन घेतला. बाबांना वरात वरून बघायचीच आहे.

उडता_पक्षी: मग विचारलंत कशाला?